मोठं शहर सोडून परदेशातल्या लहान गावी निघताय?

तुमचा प्रश्न असा की, आजवरचं आयुष्य महानगरात गेलं, आता परदेशात एका लहान गावात नोकरी मिळतेय, तर शहराची आठवण कितपत छळेल आणि आधी काय तयारी करावी. छळेल. पण तुम्हाला आत्ता ज्या गोष्टींची धास्ती वाटतेय, त्यांची नाही.

नाटकं, प्रदर्शनं, मोठी दुकानं यांचं फारसं काही वाटत नाही. शहरात असताना तरी आपण कितीदा जात होतो? आठवतात ते चेहरे, ज्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती. रोज त्याच डब्यात चढणारे, जिन्यात आडवे येणारे. स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली यांच्यावर लिहिलं आणि त्यांना 'ओळखीचे अनोळखी' म्हटलं. फलाटावरच्या प्रवाशांचे फोटो त्याच प्रवाशांना दाखवले, तर कधी एक शब्दही न बोललेले चेहरे लोकांनी ओळखले. असे दोघं नेहमीच्या जागेपासून जितके लांब भेटतील तितके ते एकमेकांशी बोलण्याची शक्यता जास्त, हेही त्यानेच नोंदवलंय. परदेशी विमानतळावर तुमच्या डब्यातला एखादा दिसला तर तुम्ही धावत जाल. आत्ता हसाल, पण जाल.

लहान गावात नेमकं उलटं असतं. तुम्ही कोण, कुठून आलात, हे सगळ्यांना आठवड्याभरात कळतं आणि तुम्हाला मात्र कुणीच माहीत नसतं. मला सगळ्यात जड गेलं ते हे. शहरात गर्दीच्या मधोमध एकटं बसायची मुभा असते. इथे बाकावर जरा वेळ टेकले की कुणीतरी थांबून विचारतं, सगळं ठीक ना? माणसं चांगलीच आहेत हो, पण कधीकधी नको होतं.

दुसरं म्हणजे डोकं शिणतं. शहरात पाय आपोआप वळत होते. इथे तिकीट कुठे काढायचं, दुकान कधी बंद होतं, कुणाला काय म्हणायचं, सगळ्याचा विचार करावा लागतो. संध्याकाळी दाटून येतं ते पुष्कळदा शहराच्या आठवणीने नाही, थकव्याने. परत जायचं का, हा विषय त्या वेळी काढूच नका. सकाळी काढा.

नव्याचे नऊ दिवस संपले की खरा कस लागतो. लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखती घेतल्या होत्या (१९५५). सहा ते अठरा महिने राहिलेले लोक त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी रुळलेले दिसले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे जुळलं नाही, तेव्हा तो नियम समजू नका. तरी माझा सल्ला त्याच्याशी जुळतो: शहरात स्वतःचं घर असेल तर पहिली दीडेक वर्षं विकू नका, भाड्याने द्या.

नव्या गावात घर घेताना मोठ्या खोल्यांना भुलून वेशीबाहेर जाऊ नका. वाचनालय, बाजार, स्टेशन चालत गाठता येईल असं लहान घर बरं. आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जात राहा, चेहरे तिथेच जमतात. भाषेचा वर्ग, समूहगान, डोंगर चढणारे, काहीही चालेल, फक्त दर आठवड्याला भेट हवी. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉलच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास धरले तर साधी मैत्री सहा महिन्यांत, जिवलग मैत्रीला जवळजवळ दोन वर्षं. तेव्हा तिसऱ्या महिन्यात 'इथे कुणी आपलं होत नाही' म्हणणं घाईचं आहे.

फोनबद्दल मी जरा कडक आहे. तीन-चार माणसांशी वार ठरवून बोला, बाकी ग्रुप मुके करून टाका. शहरातल्या प्रत्येक पावसाची आणि कोंडीची बातमी तुम्हाला कशाला हवी?

आणखी एक काम निघण्याआधीच करा. शहराचा जो जो वैताग आहे तो कागदावर लिहून ठेवा: प्रवासात जाणारे तास, भाडं, धूळ, शेजारचं बांधकाम. १९९७ साली मिचेल आणि थॉम्पसन यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की सहलीसारख्या गोष्टी प्रत्यक्ष चालू असताना जेवढ्या आवडतात, त्यापेक्षा नंतर आठवताना जास्त गोड वाटतात. शहराचंही तसंच होतं असं मला वाटतं. कागद जवळ असला की निदान वाद घालता येतो, स्वतःशीच.

जोडीदार बरोबर येणार असेल आणि त्यांना तिथे नोकरी नसेल, तर गावाची निवड त्यांच्या सोयीने करा. तुम्हाला ऑफिस तरी असेल. आणि सही करण्याआधी दोन गोष्टी बघाच: जवळचं मोठं शहर किती तासांवर आहे, आणि तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते.