वेगळा राहणाऱ्या पतीच्या संमतीशिवाय मूल दत्तक देता येते का?

आपण कळव्यात राहता, पतीविरुद्ध ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात दावा चालू आहे आणि मुलाला ऐरोलीच्या बहीण-मेहुण्यांना दत्तक द्यायचे आहे, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 मधील कलम 9 नुसार दत्तक देण्याचा अधिकार आई व वडील दोघांनाही सारखाच आहे. मात्र त्यांपैकी एकाने तो वापरताना दुसऱ्याची संमती आवश्यक असते. दुसऱ्याने पूर्णपणे संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा सक्षम न्यायालयाने त्याला विकलमनस्क (मानसिक संतुलन बिघडलेला) ठरवले असेल, तरच ही अट सुटते. वेगळे राहणे, पोटगी थकवणे किंवा मुलाचा ताबा आपल्याकडे असणे यांचा त्या यादीत समावेश नाही. हे अन्यायकारक वाटेल, पण तरतूद स्पष्ट आहे. दत्तक घेताना मेहुण्यांनाही आपल्या बहिणीची संमती लागेल.

केवळ मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का मारून विसंबू नये. देणार-घेणार दोघांच्या सह्यांचा दत्तकलेख दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत दत्तक कायदेशीर असल्याचे न्यायालय कलम 16 खाली गृहीत धरते.