वर्गात वाचलेला एक उतारा आणि आईची काळजी

सांगलीच्या विश्रामबागेतून एक आई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. मुलगा आठवीत, शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर. "बाईंनी वर्गात काहीतरी वाचून दाखवलं, तेव्हापासून हा हळद साठवायच्या पेवांच्या, त्या जमिनीतल्या खड्ड्यांच्या मागे लागलाय, मॅडम. गणिताचा गृहपाठ तसाच पडून राहतो. हे वेड कसं सोडवायचं?" ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते, म्हणून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

झोप, जेवण, मित्र, शाळेत जाताना कुरकुर, हे आधी विचारून घेतलं. सगळं ठीक होतं. मग मुलाशी एकट्याशी बोलले. त्यानं दप्तरातून एक वही काढली.

उतारा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा होता. जमिनीखालच्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, एवढं वाचून बाई थांबल्या आणि "का टिकत असेल?" असं विचारून तास संपवला. उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीही दिलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

वहीत पेनानं लिहिलेलं: 'आत हवा नाही म्हणून कीड जगत नाही.' खाली पेन्सिलीनं: 'मग माणूस आत कसा उतरतो?' आजोबांना घेऊन तो हरिपूरला गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं, पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही. हवा खेळू द्यायची, कंदील आत सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. पोरानं शेजारी विज्ञानाच्या पुस्तकातल्या ज्वलनाच्या धड्याचा पान नंबर टाकला होता! पुढे 2005 च्या महापुराची नोंद: पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली. आणि शेवटी, 'पूर आधीपण यायचे. तेव्हा पेवं कशी वाचली?'

ती वही आईंनी उघडून बघितली नव्हती. माझ्यासमोर त्यांनी ती पहिल्यांदा वाचली.

त्यांना स्पष्ट सांगितलं: ताई, हे वेड नाही. शंका आली, माणूस गाठला, ऐकलेलं पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि त्यातून नवी शंका काढली. संशोधन करणारा याहून वेगळं काय करतो? "पण याचे मार्क कुठे मिळतात?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पेवांचे मिळणार नाहीत. गणिताचा गृहपाठ राहतोय हेही खरं. म्हणून तिघांनी मिळून ठरवलं, आधी गृहपाठ, मग पेवं, आणि रविवार सकाळ पूर्ण त्याची. रोज जेवताना "किती झालं?" याऐवजी "आज काय सापडलं?" असं विचारायचं. उत्तर माहीत असलं तरी लगेच सांगायचं नाही, मोबाईलवर काढूनही द्यायचं नाही. फोनवर काही मिळालंच, तर ते हरिपूरच्या माणसांना विचारून पडताळायचं.

एक गोष्ट मात्र पालकांनी तपासावी. ज्या विषयाची भीती वाटते तो टाळण्यासाठी कधी कधी मुलं आवडीच्या विषयात दडून बसतात. तसं असेल तर वहीत नवे प्रश्न येत नाहीत, तेच ते उतरवलेलं असतं, आणि गणिताचं नाव काढलं की पोट दुखायला लागतं. अशा वेळी वही काढून घेऊ नका, गणिताच्या भीतीकडे बघा. या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. सध्या त्याला पुरांच्या जुन्या नोंदी हव्यात, आणि आई त्याला नगर वाचनालयात घेऊन जाणार आहेत.