प्रोमोतोराच्या कामात नवीन असाल तर

प्रोमोतोरा म्हणजे वस्तीत घरोघरी जाणारी आरोग्यसेविका. टेक्सासच्या सरहद्दीवरच्या मेक्सिकन घरांत मधुमेहाच्या पेशंटला पहिल्याच भेटीत तोर्तिया (तिथली पोळी) बंद करायला सांगू नका. पेशंट मान डोलावेल, पुढच्या वेळी दार उघडणार नाही. मक्याच्या सहा इंची तोर्तियात जेमतेम 12 ग्रॅम कर्बोदकं. दोन चालतात, सोबत नोपाल (निवडुंगाची भाजी) असू दे. आधी कोकसारख्या गोड पेयांकडे वळा: कोकच्या 355 मिलीच्या कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर!

रक्तातली साखर तपासण्याआधी हात धुवायला लावा, आंबा कापलेल्या बोटावर आकडा उगाच चढतो. टोचायचं बोटाच्या कडेला. साखर 70 mg/dL च्या खाली गेली, तर अर्धा कप फळांचा रस, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी.

‘इन्सुलिननं आंधळेपणा येतो’ हे हमखास ऐकाल. वाद नको; दृष्टी जाते ती बराच काळ चढलेल्या साखरेनं, हे त्यांनाच उमगू दे. घरात कुणाची दृष्टी गेली, इन्सुलिन किती उशिरा सुरू झालं, ते विचारा. डोसचा प्रश्न मात्र नर्सकडेच.