सिनिअर केजीतला मुलगा घरी दहा मिनिटांच्या वर अभ्यासाला बसत नाही, रोज किती वेळ बसवावं?

दहा मिनिटं बसतो ना, मग व्यवस्थित बसतो हो. पाच वर्षांच्या मुलाकडून वही-पेन्सिल घेऊन सलग दहा, फार तर पंधरा मिनिटं, याच्या वर अपेक्षाच ठेवू नका. वयाच्या दर वर्षाला दोन ते पाच मिनिटं असा एक हिशोब सगळीकडे सांगतात, तो धरला तरी तुमचा मुलगा त्यात बसतोय. पण तुम्ही लिहिलंय की सोसायटीतली बाकीची मुलं तासभर बसतात, ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला घेतलं.

हेच मी माझ्या नणंदेकडून ऐकत आलेय. त्या ठाण्याला नौपाड्यात घरी ट्यूशन घेतात, आम्ही ठाणे जिल्ह्यातच ऐरोलीला. माझी मुलगी तुमच्या मुलाएवढी होती तेव्हा भेटलं की "हिला बसायची सवयच लावली नाहीस तू" हे ठरलेलं. एका रविवारी आल्या त्या फोर लाईनची वही घेऊनच आल्या, आणि जेवायच्या आधी पोरीला समोर बसवून स्मॉल बी आणि डी, पानंच्या पानं. पहिली ओळ छान, दुसरी बरी, मग अक्षरं रेघेखाली उतरायला लागली, मग पाणी पाहिजे, मग शू, मग खोडरबराचे तुकडे. "बघ, कॉन्सन्ट्रेशनच नाही."

मी तिथेच बिरड्याचे वाल सोलत होते, मोड आलेले, कोमट पाण्यात घातलेले. ही उठली ती माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसली. वाल चिमटीत धरून हलकेच दाबायचा, साल सुटते आणि दाणा सुळकन बाहेर येतो, जोर जास्त झाला की थेट फ्रिजखाली. तो अंदाज यायला तिला जरा वेळ लागला पण मग जी बसली ती पातेलं संपेपर्यंत उठली नाही. कोणी न सांगता दहा-दहाचे ढीग लावले, एकात नऊ निघाले तर तो परत मोजला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, टीव्ही चालू होता, मान वर नाही. मी म्हटलं ताई, हे काय आहे मग? तर म्हणे "हा काय अभ्यास आहे का?"

अहो हाच अभ्यास आहे! चिमटीत जी ताकद येते तीच पुढे पेन्सिलीला लागते आणि दहाचे गट म्हणजे गणितच की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला पानं, बिया, खडे घेऊन बालवाड्या चालवल्या, तेव्हा तो आपलाच ठाणे जिल्हा होता, आणि त्याच ठाण्यात आपण केजीच्या पोरांना वर्कशीटला जुंपतो. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नका असं आहे, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. दिवसाला नाही, आठवड्याला! नणंदेला मी हे वाचून दाखवलंय.

तुमच्यासाठी सांगायचं तर शाळेतून आल्या आल्या बसवू नका, खाऊन, खाली खेळून आला की दहा मिनिटं घ्या, मूड असेल तर नंतर अजून दहा. रडेपर्यंत ताणू नका, त्याला अजून करायचं असतानाच वही मिटा. बाकी वेळ मटार सोलू दे, कपड्यांच्या घड्या करू दे, मोज्यांच्या जोड्या लावू दे. मोबाईलसमोर तासभर बसतो ते मात्र यात धरू नका, तिथे चित्रच सारखं बदलत असतं.

हां, आवडीच्या खेळातही दोन मिनिटं टिकत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल किंवा वही डोळ्याला लावून बघत असेल तर कान-डोळे तपासून घ्या, मुलांच्या डॉक्टरांशी बोला. आणि प्रत्येक मूल वेगळं असतं, काही जणांना मनापासून लिहायला आवडतं, त्यांना अडवायचं कारण नाही.

माझी आता तिसरीत आहे, आपली आपण अर्धा तास बसते. नणंद म्हणतात, मोठी झाली की जमतंच ते. मग पाच वर्षांची असताना एवढी घाई कशाला होती, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.