बायकोला किडनी दिली तर नवऱ्याला नंतर त्रास होतो का? रक्ताचं नातं नसताना बसते का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला किडनी द्यायची ठरवलीय, पण घरचे म्हणतात तू कमावता, शिवाय रक्ताचं नातं नाही तर बसणार कशी, आणि लिव्हरचं पण असंच असतं का. हेच्या हेच आमच्या घरात झालंय म्हणून लिहितोय.

बसते. 1995 साली तेरासाकी नावाच्या शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या केसेसचा अभ्यास छापला. नवराबायकोनं एकमेकांना दिलेल्या किडन्यांपैकी 85 टक्के 3 वर्षांनी चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी 82 आणि मृत दात्यांच्या 70. टिश्यू मॅचिंग, म्हणजे दोघांच्या पेशींची जुळणी, कमी असून हे. कारण जिवंत माणसाची किडनी धडधाकट असते आणि रक्ताविना फार वेळ पडून राहत नाही.

आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. मिसेसचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे पंख्याखाली पण अंग भाजतं, त्यात तिला दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून, गोळ्या पण त्यातल्याच पाण्यानं घ्यायच्या, दुपारनंतर नुसत्या चुळा भरून थुंकायची. हे रोज डोळ्यानं बघितलेल्या माणसाला बैठक कशाला लागते? पण दादानं बसवली. आत्या, मामा सगळे. कर्त्या माणसानं अंगाला चाकू लावून घ्यायचा नसतो, तिच्या आईला विचार म्हणे. सासूबाईंना शुगर, त्यांची किडनी कुठला डॉक्टर घेणार? माझा रक्तगट जुळत होता. हाच आजार मला झाला असता तर बैठक बसलीच नसती, ती देणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं असतं. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुतेक बायका आणि घेणाऱ्यांत बहुतेक पुरुष आहेत, ते काय उगाच नाही.

आता त्रासाचं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या 96 हजारांवर किडनी दात्यांचा अभ्यास आला. त्यांच्या अंदाजानं दर 10 हजार दात्यांमागे 90 जणांची किडनी आयुष्यात कधीतरी निकामी होऊ शकते. तितक्याच तब्येतदार पण न दिलेल्या लोकांत 14, आणि तपासणी न केलेल्या आम जनतेत 326. दादाला फक्त 14 चे 90 झालेले दिसले. धोका वाढतो हे खरंच आहे, लपवायचं काय त्यात, पण शंभरात एक पण नाही की. आणि दाता म्हणून पास होणारा माणूस मुळात तपासून घेतलेला असतो.

ऑपरेशन पुण्यात झालं. त्याआधी लग्नाचा दाखला, लग्नातले फोटो सगळं मागतात, जबरदस्ती नाही ना हे कॅमेऱ्यासमोर विचारतात, कागद आधीच गोळा करा. नंतर डॉक्टरांनी मिसेसला भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं, तर तिनं बाटली तोंडाला लावली ती नर्स हळू हळू म्हणत होती तरी खाली ठेवली नाही, पाणी हनुवटीवरून गाऊनवर सांडत होतं. मी आज दोन्ही शिफ्ट बघतो, बीम (मागावरचा सुताचा जड रोल) चढवायला पण हात लावतो. दादा अजून लग्नाकार्यात पाहुण्यांना सांगतो, ह्याला आता जड काम होत नाही. कारखान्यात येऊन बघावं त्यानं.

लिव्हरचं वेगळं आहे. त्याचा तुकडा देतात आणि देणाऱ्याचं काही महिन्यांत परत वाढतं. किडनी नवीन येत नाही, उरलेली थोडी मोठी होऊन काम उचलते. पण देणाऱ्याला जोखीम लिव्हरमध्येच जास्त, दोन्ही एका मापानं मोजू नका.

एक राहिलंच, तुम्हाला मुलं असतील तर हे महत्त्वाचं. बाळंतपणामुळं बायकोच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, म्हणून क्रॉसमॅच (तिचं रक्त तुमच्या पेशींवर हल्ला करतं का ते बघणारी टेस्ट) आणि अँटिबॉडीची टेस्ट नीट झाल्याशिवाय घरात कुणाला शब्द देऊ नका. तुम्हाला शुगर असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल तर डॉक्टर नाही म्हणतील, तेव्हा हट्ट करू नका. अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणून तिच्या टॅक्रोलिमसच्या गोळ्या रोज ठरल्या वेळेला, कायमच्या. आणि घरच्यांना पटवत बसण्यापेक्षा जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला नेफ्रोलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे, सोबत घेऊन जा, त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. तुम्ही स्वतः नंतर दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची टेस्ट) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, आणि अंग दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणून खायची सवय असेल तर ती आत्ताच सोडा.