ब्रूक ट्राउटसाठी गळ टाकण्यापूर्वी

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतील ओढ्यांची मूळची ट्राउट (थंड पाण्यातला एक मासा) म्हणजे ब्रूक ट्राउट. रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम भागातून आणि ब्राउन ट्राउट युरोपातून नंतर आणून सोडलेली आहे. गर्द अंगावर फिकट ठिपके, निळ्या कड्यांतले लाल ठिपके आणि खालच्या परांना पांढरी किनार दिसली, की ओळख पटली.

महागडा रॉड, म्हणजे गळाची काठी, घ्यावा का, असे आपण विचारले होते; त्याची सध्या गरज नाही. मासेमारीचा परवाना, सात फुटांचा हलका रॉड आणि दोन-चार साधे फ्लाय (हुकावर बांधलेले, कीटकासारखे दिसणारे कृत्रिम आमिष) पुरेत. नवशिक्यांची चूक बहुधा फेकण्यात नसून चालण्यात असते. मासा प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या मागून, वाकून, सावली पाण्यावर न पाडता पुढे जावे; थेट काठावर उभे राहिलात, तर पहिल्या फेकीआधीच मासे दगडांखाली दडलेले असतात.

मासा सोडायचा असल्यास एवढे पाळा:

- हुकावरचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका.
- हात ओले करूनच मासा धरा; कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.
- पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास गळ टाकू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळाच्या स्वच्छ, उजळ खड्यांवर पाय देऊ नका. तेथे अंडी असतात. फ्लाय बांधण्याचे पुढच्या हंगामात पाहू.