जहाजाचा ‘टन’ म्हणजे वजन नव्हे

प्रश्न : न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या जहाजांचे ‘टनेज’ वाचनात येते. आमचे आजोबा ठाण्याच्या खाडीतल्या गलबतांविषयी बोलताना ‘अमुक खंडीचे गलबत’ म्हणत. टन म्हणजे जहाजाचे वजन का? त्यावरून पूर्वी कर कसा ठरे? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपल्या आजोबांचा शब्दप्रयोग अगदी योग्य होता. खंडी हे गलबताचे वजन नसून त्यात मावणाऱ्या मालाचे माप असे. मुंबईची खंडी २० मणांची, म्हणजे ५६० पौंडांची. अशा चार खंडी म्हणजे बरोबर एक इंग्रजी टन. टनाचा उगमही मालातच आहे. ‘टन’ हे मुळात दारूच्या २५२ गॅलनच्या पिंपाचे नाव, आणि जहाजात अशी पिंपे किती मावतात त्यावर कर बसे.

पिंपे मोजत बसणे अवघड, म्हणून इंग्लंडने १७७३ साली सूत्रच कायद्यात घातले : लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, बाकीला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणायचे व ९४ ने भागायचे. १०० फूट लांब आणि ३० फूट रुंद जहाज यानुसार सुमारे ३९२ टनांचे ठरते; रुंदी २५ फुटांवर आणली की तेच २८२ टनांवर येते. खोली मात्र हिशेबात कुठेच नाही, कारण ती रुंदीच्या निम्मी गृहीत धरलेली! मग मालकांनी कर वाचवण्यासाठी अरुंद आणि खोल जहाजे बांधून घेतली. ती माल पुष्कळ नेत, पण समुद्रात नीट चालत नसत. करआकारणीच्या एका सूत्राने जहाजबांधणीच बिघडवली, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

१८५४ साली जॉर्ज मूरसम यांच्या पद्धतीने जहाजाच्या आतली जागाच मोजली जाऊ लागली आणि १०० घनफूट म्हणजे एक टन ठरला. जुन्या मोजणीत एका टनाला सरासरी सुमारे ९८ घनफूट जागा येत असे. तिच्या जवळचाच आकडा घेतल्याने एकूण कराचा बोजा फारसा बदलला नाही. सुएझ कालव्याचा दर आरंभी टनामागे १० फ्रँक होता, पण टन कोणता धरायचा यावर वाद पेटला आणि १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत कालव्यासाठी वेगळी मोजणी ठरवावी लागली.

आज १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जो १९८२ पासून अमलात आहे, जहाजाच्या सर्व बंदिस्त जागेच्या घनफळावरून ग्रॉस टनेज काढतात. या आकड्यापुढे कोणतेही एकक लिहीत नाहीत.